चिंचेवरचे बगळे



सकाळी आपलं चित्रीकरण करायला ड्रोन उडाला, तेव्हा तुम्ही सगळे वर बघून हात हलवत होतात. मी टाकीमागच्या चिंचेकडे बघत होतो. तिथले बगळे एकदम उठले. आता सवयच लागली आहे, काय करणार!

गेली बारा वर्षं मी नोकरीसाठी केपटाउनला असतो. जवळच सायमन्स टाउनला बोल्डर्स बीच आहे. १९८२ साली तिथे पेंग्विनच्या दोन जोड्या राहायला आल्या आणि त्यांची वसाहत झाली. हा आफ्रिकन पेंग्विन गाढवासारखा ओरडतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला आपली मधली सुट्टी आठवली! २०२४ मध्ये त्याची नोंद 'अतिसंकटग्रस्त' म्हणून झाली. समुद्रातले मासे कमी झाले, हे त्याचं मोठं कारण. पण उरलेल्यांना आपण निदान स्वस्थ बसू द्यावं.

एकदा एका पाहुण्याला मी तिथे नेलं. 'जा अजून जवळ, काही करत नाही तो,' असं मीच म्हणालो. पक्षी जागचा हलला नाही. फोटो छान आला. मागाहून कळलं, तो पिसं बदलत होता. त्या सुमारे तीन आठवड्यांत पेंग्विन पाण्यात उतरू शकत नाही, म्हणजे कडकडीत उपास. अंगातल्या चरबीवर दिवस काढायचे. पळणं त्याला परवडतच नाही, आणि मी समजलो, माणसाळलाय. क्रोझे बेटांवर किंग पेंग्विनच्या हृदयाचे ठोके मोजले आहेत. माणूस जवळ गेला की ते वाढतात, पक्षी वरून शांत दिसला तरी.

ड्रोनचं आणखी वेगळं. अंडी-पिल्लं पळवणारे पक्षी वरूनच येतात. अंटार्क्टिकाजवळच्या आर्डली बेटावर ॲडेली पेंग्विनवर ड्रोन उडवून पाहिले, तेव्हा ५० मीटर उंचीवरूनही पक्षी सावध झाले आणि २० मीटरच्या खाली तर अस्वस्थता स्पष्ट दिसली. अंड्यावरचा पक्षी उठला, की कुरव टपलेलेच असतात. बोल्डर्सला ड्रोनला बंदी आहे, ती उगाच नाही.

बाई, सातवीत आम्ही बुलबुलाची अंडी बघायला रोज फांदी वाकवायचो. एके दिवशी घरटं रिकामं दिसलं. मी रडलो, तेव्हा तुम्ही म्हणालात, 'मांजराने नेली असतील.' ते खरं होतं की माझी समजूत काढायला म्हणालात, हे आज जेवताना विचारणार आहे.

आणि संयोजकांना एक विनंती. संध्याकाळचा सामूहिक फोटो शिडीवर चढून काढू या. शिडी कुठे असते, ते मला अजून आठवतं.