चौसष्ट माणसांची काउंटी



बाई, तुम्ही नकाशात भरायला लावलेल्या टेक्सासमधली एक जागा आज सांगतो. लव्हिंग काउंटी. पेकॉस नदीकाठचं रखरखीत माळरान, क्षेत्रफळ सुमारे साडेसतराशे चौरस किलोमीटर आणि २०२०च्या जनगणनेत माणसं ६४! काउंटी १८९३मध्ये संघटित झाली, चार वर्षांत मोडली. तेल सापडल्यावर १९३१मध्ये पुन्हा उभी राहिली. तरी कारभार पुरता: निवडून आलेले चार कमिशनर आणि एक काउंटी जज. हा जज न्यायाधीश कमी, कारभारीच जास्त. करवसुली शेरीफकडेच. १९४५मध्ये एडना रीड शेरीफ झाल्या, मग निवडणूकही जिंकल्या. टेक्सासमध्ये निवडून आलेल्या त्या पहिल्या महिला शेरीफ.

तेलाचा पैसा आहे, पण मेंटोन या मुख्य गावची शाळा १९७२मध्ये बंद झाली. पटावर दोनच मुलं उरली होती. आता मुलं शेजारच्या काउंटीत, विंकला जातात. मेंटोनच्या शाळेचा असा मेळावा कोण भरवणार?

मघाशी मुख्याध्यापकांना आपल्या पाचवीचा यंदाचा पट विचारला. आकडा ऐकून गप्प झालो. जेवणं झाली की त्यावरच बसू या.