आमचे धावणे
(वार्षिक ज्ञातिसंमेलनात दिलेले व्याख्यान)



कार्यकारी मंडळाने आम्हांस आरोग्याविषयी चार शब्द बोलण्याची आज्ञा केली आहे. आम्ही वैद्य नाही, पंडितही नाही. जुन्या अकरावीची मॅट्रिक उत्तीर्ण होऊन प्राथमिक शाळेत मुलांस पाढे शिकविण्यात आमचे आयुष्य गेले. तथापि गेली वीसएक वर्षे आम्ही पहाटे धावत आलो आहो. ह्या काळात धावण्याचा हेतू कसा पालटत गेला, तेवढेच आज सांगणार आहो.

२००४ साली, वयाच्या शेचाळिसाव्या वर्षी, आमच्या रक्तातील साखर वाढू लागली. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला. पहिल्या दिवशी मैदानाची अर्धी फेरी होते न होते तोच धाप लागली आणि आम्ही मटकन खाली बसलो. तेव्हा एकच ध्येय ठरविले, एक फेरी न थांबता पुरी करावयाची. ती पुरी व्हावयास तीन आठवडे लागले. चारशे मीटरच्या त्या फेरीने दिलेला आनंद पुढे कोणत्याही पदकाने दिला नाही.

पुढे मनगटावर घड्याळ आले. नवशिक्या माणसाचे हृदय आणि स्नायू सरावाने झपाट्याने तयार होतात, म्हणून आरंभीची प्रगती मोठी भुलविणारी असते. दर महिन्यास वेळ कमी होऊ लागला आणि आम्हांस मिनिटांचे व्यसन जडले. २०१२ साली साताऱ्यात डोंगरी अर्धमॅरेथॉन सुरू झाली. सुमारे २१ किलोमीटरांच्या त्या वाटेवर येवतेश्वरचा घाट चढून जाण्याची ईर्ष्या आमच्याही मनात उत्पन्न झाली. मग काय विचारता! जेवताना मिनिटे, निजताना मिनिटे.

आता जी गोष्ट सांगावयाची, ती आमच्या भूषणाची नाही. अशाच एका शर्यतीत, अखेरचे तीन किलोमीटर राहिले असता, रस्त्याच्या कडेस एक मुलगा पोटरीत गोळा येऊन बसला होता. त्याने आमच्याकडे पाहून हात वर केला. आम्ही घड्याळाकडे पाहिले आणि पुढे निघून गेलो. त्या दिवशी आमची आजवरची उत्तम वेळ लागली. मागून येणाऱ्या एका बाईंनी त्या मुलास हाताला धरून चालवत आणल्याचे आम्ही डोळ्यांनी पाहिले. घरी आल्यावर मंडळींस ही हकीकत सांगितली. त्यांनी पदक हाती घेतले आणि एवढेच विचारले, "अहो, तो तुमच्या वर्गातला असता, तर थांबला असता ना?"

आम्हांस उत्तर सुचले नाही. चाळीस मुलांत मागे पडलेल्या एकासाठी थांबणे, हाच तर आमचा आयुष्यभराचा धंदा!

पुढे साठी उलटली. वयाबरोबर हृदयाचा कमाल वेग उतरतो, स्नायू क्षीण होतात. हा सृष्टीचा नियम आहे. आमचा गुडघाही कुरकुरू लागला. ज्याचा आनंद केवळ घड्याळाच्या आकड्यावर उभा असेल, त्याचा आनंद एक ना एक दिवस संपणारच. आम्ही घड्याळ कपाटात ठेवले. मन काही दिवस उदास झाले, हे कबूल केले पाहिजे. मग गल्लीतील चार नवशिक्या मंडळींना सोबत घेऊन निघू लागलो. दोन मिनिटे धावणे, दोन मिनिटे चालणे, आणि बोलता येईल इतकाच वेग. जो सर्वांत मागे, त्याच्याबरोबर आम्ही. अजिंक्यतारा उजळताना आता प्रथमच नीट दिसू लागला आहे. आमच्या मंडळीही आता बरोबर येतात.

ज्यांस विक्रम करावयाचे त्यांनी अवश्य करावे. १९१९ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत अनवाणी धावणारे गडी पाहून सर दोराबजी टाटांस हिंदी खेळाडू ऑलिंपिकला पाठविण्याची स्फूर्ती झाली. त्यांतूनच फडेप्पा चौगुले ह्यांनी १९२० साली अँटवर्प येथे मॅरेथॉनमध्ये एकोणिसावा क्रमांक मिळविला. ते यश वंद्य आहे. परंतु २०२५ साली अपघाताने दिवंगत झालेले फौजा सिंग ह्यांचेही स्मरण ठेवावे. पत्नी व पुत्र ह्यांच्या वियोगाचे दुःख सोसून ते उतारवयात पुन्हा धावू लागले आणि २००० साली लंडनची मॅरेथॉन त्यांनी पुरी केली. त्यांचे धावणे इतरांना हरविण्यासाठी नव्हते, जगण्याची उमेद टिकविण्यासाठी होते.

तरुणांनो, घड्याळ लावून खुशाल धावा. पण कोणी हात वर केला तर थांबा. वडीलधाऱ्यांनो, डॉक्टरांचा सल्ला घेऊन निदान चालू लागा. भगिनींनो, घरातील कामे कधीच संपत नाहीत, म्हणून पहाटेचा अर्धा तास आपल्यासाठी मागून घ्या. आणि घरच्या पुरुषांनी तो मागण्यापूर्वीच द्यावा.

तो मुलगा पुन्हा भेटला नाही. भेटता तर त्याची क्षमा मागितली असती. ते घडत नाही, म्हणून रोज मागच्या माणसाबरोबर धावतो.