क्रूझ ठरवताना आधी शेंडेफळाचं वय बघा

(कोजागिरीच्या रात्री सोसायटीच्या गच्चीवर केलेले भाषण. स्मरणिका समितीच्या आग्रहावरून येथे देत आहे.)

अध्यक्षमहाराज, कमिटीचे सभासद, माझ्या वयाची मित्रमंडळी, आणि पाण्याच्या टाकीमागे लपाछपी खेळणारी बाळगोपाळ मंडळी,

मी बँकेतून निवृत्त झालो, तेव्हापासून सोसायटीच्या प्रत्येक कार्यक्रमात मला ‘मुदत ठेवी आणि नॉमिनेशन’ यावर बोलायला सांगतात. लोक सहनशील आहेत, ऐकून घेतात. यंदा मात्र सेक्रेटरींनी विषय बदलून दिला. त्याला कारण आपली लिफ्ट. गेली दोन वर्षं लिफ्टमध्ये कुणी ना कुणी तरुण आईबाबा विचारतात, ‘‘काका, तुम्ही क्रूझला जाऊन आलात ना? लहान मुलांना घेऊन जावं का? कुठली बोट घ्यावी?’’ आता तळमजल्यापासून पाचव्या मजल्यापर्यंत याचं उत्तर कसं देणार? म्हणून आज सगळं एकदम सांगून टाकतो.

माझा बोटीशी संबंध जुना. आमचं गाव मालवण. माझ्या लहानपणी मे महिन्यात गावाला जायचं ते भाऊच्या धक्क्यावरून, आगबोटीने. डेकवर जागा पकडायची आणि पथारी पसरायची, हीच आमची केबिन. वाटेत दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग अशी बंदरं लागायची. मालवणला बोट खोल पाण्यात उभी राहायची आणि खलाशी आम्हा पोरांना उचलून खालच्या पडावात द्यायचे. आम्हाला मजा वाटायची. पण आईचं मला एकच आठवतं. धाकट्या बहिणीच्या मनगटाला पदराचं टोक बांधून ती रात्रभर बसून राहायची. आम्ही झोपायचो, वडील झोपायचे, ती नाही.

तिच्या भीतीला कारण होतं. १७ जुलै १९४७ ला, स्वातंत्र्याला महिना राहिला असताना, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट भर पावसाळ्यात बुडाली. सहाशेहून जास्त माणसं गेली. माझा जन्म त्यानंतरचा, पण घरात ती गोष्ट काल घडल्यासारखी सांगत. आजी म्हणायची, ‘‘पावसात बोटीत पाय ठेवूचो नाय.’’ हा नियम आमच्या घरात कुणी मोडला नाही.

आता मुख्य गोष्ट. २०२३ च्या मे महिन्यात चिरंजीवांनी सिंगापूरहून निघणाऱ्या एका मोठ्या जहाजाचं तीन रात्रींचं बुकिंग केलं. जहाजाचं नाव सांगत नाही, कारण चूक जहाजाची नव्हती, आमची होती. तेव्हा नातू सात वर्षांचा आणि नात पावणेदोन वर्षांची. जाहिरातीत मोठी घसरगुंडी, पाण्याचे फवारे, मुलांची खेळघरं. फोटो बघून आम्ही सगळे खूश. मी स्वतः बँकेत ३६ वर्षं काढलेला माणूस. जागेची पाहणी केल्याशिवाय, कागद वाचल्याशिवाय मी कुणाला कर्ज दिलं नाही. पण इथे एक कागद उघडून वाचला नाही.

चढल्यावर कळलं की मुलांच्या खेळघरात तीन वर्षांखालचं मूल एकटं ठेवता येत नाही, आणि तीन पूर्ण झालं तरी डायपर सुटलेलं हवं. तलावाचंही तेच. डायपरवालं मूल, अगदी पोहण्याचा खास डायपर असला तरी, पाण्यात नेता येत नाही. नियम स्वच्छतेचा आहे, बरोबरच आहे, आणि पुष्कळ कंपन्यांचा असाच असतो. पण नात काचेला नाक लावून दादाकडे बघत रडायची. खोली आम्ही स्वस्तातली, आतली, बिनखिडकीची घेतली होती. नात दुपारी दोन तास झोपायची आणि सूनबाई त्या अंधाऱ्या खोलीत मोबाइलच्या उजेडात बसून राहायची. रात्री शो सुरू व्हायचा तेव्हा नातीची झोपेची वेळ. म्हणजे पुन्हा सूनबाई खोलीत. आम्ही बाकीचे शो बघून ‘वा वा’ करत यायचो.

घरी परत आल्यावर मी तिला विचारलं, ‘‘कशी झाली ट्रिप?’’ ती म्हणाली, ‘‘छान झाली बाबा. मुलांना मजा आली. मी इथेही घरातच असते, तिथेही खोलीतच होते.’’ रागाने नाही म्हणाली, कपडे मशीनला लावता लावता म्हणाली. पण मला त्या रात्री झोप लागली नाही. मला आईचा पदर आठवला. साठ-पासष्ट वर्षांत डेकची पथारी जाऊन एसी खोली आली, आणि घरातली एक बाई अजून जागीच होती.

तेव्हा मी ठरवलं की पुढची बोट मी निवडणार, आणि कर्जाच्या अर्जासारखी तपासून निवडणार. एक वही केली. त्यातलं जे उपयोगी आहे ते सांगतो.

पहिलं म्हणजे शेंडेफळाचं वय. बहुतेक समुद्री कंपन्या सहा महिन्यांखालच्या बाळाला घेतच नाहीत, आणि बरेच दिवस भर समुद्रात राहणारी लांबची सफर असेल तर वर्ष पूर्ण लागतं. घरात कुणी गरोदर असेल तर साधारण २४ आठवड्यांनंतर चढू देत नाहीत. मग विचारायचं, खेळघर कितव्या वर्षापासून? मूल सोडून जाता येतं, की आईबापांपैकी एकाने बसायचं? डायपरवाल्या मुलांसाठी वेगळी पाण्याची जागा आहे का? ती थोड्या जहाजांवर असते. ही उत्तरं तोंडी घेऊ नका, लेखी घ्या. एजंट ‘‘होऽऽ, सगळं आहे’’ म्हणतो. सगळं असतंच, आपल्या मुलाला चालतं का हा प्रश्न आहे.

दुसरं, खोली. बोट सर्वांत कमी हलते ती मधोमध आणि खालच्या मजल्यांवर. म्हणून मुलं असतील तर पुढच्या टोकाची किंवा उंचावरची खोली घेऊ नये. नकाशा मागवा आणि खोलीच्या वर काय, खाली काय ते बघा. वर तलाव असेल तर सकाळी खुर्च्या सरकवण्याचा आवाज, खाली नाट्यगृह असेल तर रात्री ढोल. बाळ दुपारी झोपतं ना? मग आईला बसायला खिडकी हवी. थोडे पैसे जास्त पडतात, ते तिच्या नावावर खर्च करा. बाल्कनी घेतलीत तर कठड्याजवळ खुर्ची ठेवू नका, मुलं चढतात. पाळणा मिळेल का, ढकलगाडी दारातून आत जाईल का, हेही आधीच विचारा. न्हाणीघरात बहुतेक ठिकाणी फक्त शॉवर असतो, तेव्हा बाळाच्या अंघोळीला लहान मग घरून न्या. हसू नका, आमचा प्लॅस्टिकचा मग दोनदा जाऊन आलाय.

तिसरं, बोट लागणं. पहिल्या खेपेला आम्ही नातीसाठी काळजी करत होतो आणि ओकाऱ्या केल्या नातवाने. नंतर आपल्या बालरोगतज्ज्ञांनी सांगितलं की दोन वर्षांखालच्या मुलांना हा त्रास कमी होतो, सात ते बारा या वयात जास्त. औषध मनाने देऊ नये, डॉक्टरांकडून वजनाप्रमाणे मात्रा लिहून घ्यावी. आलेपाक आणि लिंबू सोबत असावंच. आणखी एक स्वस्त उपाय सांगतो. लाखभर रुपये भरण्याआधी एका रविवारी डॉकयार्ड रोडला उतरा, भाऊच्या धक्क्यावर जा आणि मांडव्याच्या रो-रोने तासाभराचा प्रवास करून या. ही बोट मार्च २०२० पासून चालते. पोरगं कसं वागतं, पोट कसं राहतं, सगळं कळतं. बँकेच्या भाषेत याला इन्स्पेक्शन म्हणतात.

चौथं, ऋतू. आजीचा नियम मी अजून पाळतो. जून ते सप्टेंबर अरबी समुद्र मुलांसाठी नाही. मोठ्या जहाजाला पंखासारखे स्टॅबिलायझर असतात, ते हलणं कमी करतात, बंद करत नाहीत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम.

पाचवं, पैसे. जाहिरातीतला आकडा म्हणजे मूळ भाडं. त्यावर पोर्ट चार्जेस, जीएसटी, सेवाशुल्क. एका खोलीतल्या तिसऱ्या-चौथ्या माणसाला, म्हणजे मुलांना, पुष्कळदा सवलत असते, ती मागून घ्या. बोटीवरच्या डॉक्टरांची फी वेगळी लागते, तेव्हा प्रवास विमा काढाच. डायपर, दुधाची पावडर, नेहमीची औषधं घरून न्या. समुद्रात कोपऱ्यावरचा वाणी नसतो. आणि आपल्या सोसायटीत सिंकिंग फंड असतो, पण जहाजाच्या हिशेबात हा शब्द काढू नये असं आमची ही म्हणते.

सहावं आणि सर्वांत महत्त्वाचं, सुरक्षा. १९१२ मध्ये टायटॅनिक बुडाल्यावर ‘सोलास’ नावाचा आंतरराष्ट्रीय करार झाला. त्याच्या नियमांप्रमाणे निघण्याआधी किंवा निघाल्या निघाल्या सगळ्या प्रवाशांना आणीबाणीत कुठे जमायचं ते दाखवावं लागतं. मुलांच्या मापाची लाइफ जॅकेटं वेगळी असतात, तान्ह्यांची त्याहून वेगळी, आणि २४ तासांच्या वरच्या सफरीत प्रत्येक तान्ह्या बाळासाठी एक असलंच पाहिजे. खोलीत शिरल्याबरोबर बॅगा उघडण्याआधी मुलांच्या मापाचं जॅकेट मागून घ्या आणि एकदा घालून बघा.

ही सगळी वही घेऊन आम्ही २०२५ च्या जानेवारीत दुसऱ्यांदा निघालो. या वेळी मुंबईहूनच, ‘एम्प्रेस’ जहाजाने गोव्याला. हे जहाज १९९० साली फ्रान्समध्ये बांधलेलं, आधी परदेशात चालत होतं आणि २०२१ पासून आपल्याकडे कॉर्डेलिया कंपनीकडे आहे. सिंगापूरच्या जहाजासमोर लहान. पण आम्हाला मोठं नकोच होतं. विमान नाही, परदेशी वेळ नाही, मुलांचं आधार कार्ड सोबत, आणि मुलुंडहून टॅक्सीने थेट बॅलार्ड पियर. जेवणात जैन पदार्थसुद्धा होते, त्यामुळे सोबत आलेले आपले सातव्या मजल्यावरचे शहाकुटुंबीय खूश. नात साडेतीन वर्षांची झाली होती, डायपर सुटला होता. खोली मधली, खालच्या मजल्यावरची, खिडकीची.

आणि एक गोष्ट कुठल्याच माहितीपत्रकात नसते, ती आम्ही घरी केली. कागदावर ड्युटी लावली, काउंटरवर लावतात तशी. सकाळी चिरंजीव, दुपारी आम्ही दोघं म्हातारे, संध्याकाळी पुन्हा चिरंजीव. सूनबाईचं नाव त्या तक्त्यात रात्री झोपवण्यापुरतं. जहाज कितीही चांगलं असलं तरी हा तक्ता घरातच तयार करावा लागतो.

पहिल्या संध्याकाळी कवायत झाली. नातवाने स्वतःचं जॅकेट बांधलं आणि मग बहिणीचं बांधून दिलं. तिच्या त्या छोट्या केशरी जॅकेटकडे बघताना मला पदराचं टोक आठवलं. आईला असं काही मिळालं असतं तर ती कदाचित तासभर झोपली असती.

दुसऱ्या दिवशी दुपारी सूनबाई डेकवर पुस्तक घेऊन बसली. पाचव्या मिनिटाला पुस्तक छातीवर आणि ती गाढ झोपलेली. नात दोनदा तिच्याकडे पळाली, दोनदा मी तिला आइस्क्रीमची लाच देऊन परत आणली. सूनबाई तीन तासांनी उठली, घाबरून इकडेतिकडे बघितलं आणि मुलं दिसल्यावर पुन्हा टेकून बसली. एवढ्यासाठीच पैसे भरले होते असं समजा.

तेव्हा मित्रांनो, बोट निवडताना घसरगुंडीची उंची बघू नका. घरातलं सर्वांत धाकटं मूल तिथे दिवसभर काय करील ते बघा, आणि तेवढ्या वेळात त्याची आई काय करील तेही बघा. दोन्हींचं उत्तर समाधानाचं आलं तर सही करा. नाही आलं तर एक वर्ष थांबा. समुद्र कुठे जात नाही, आणि डायपर वर्षभरात सुटतो.

आपल्या इमारतीत पंचवीस वर्षांपूर्वी कडेवर बसून राहायला आलेली मुलं आज स्वतः आईबाप झाली आहेत. त्यांच्यासाठी माझ्या वहीची झेरॉक्स सोसायटी ऑफिसात ठेवली आहे. काही विचारायचं असेल तर घरी या. फक्त संध्याकाळी साडेसात ते साडेआठ नको, आमच्या हिची मालिका असते.

दूध आटून तयार आहे, तेव्हा जास्त वेळ घेत नाही. रौप्यमहोत्सवाच्या सर्वांना शुभेच्छा.