डबीवरची करंजी

माझी आई ८२ वर्षांची आहे. तिला अक्षरओळख नाही. दिवसातून तीन वेळा गोळ्या. त्यातली सकाळची आणि रात्रीची दिसायला सारखीच, पांढरी, गोल. गेल्या पावसाळ्यात तिने रात्रीची गोळी सकाळी घेतली आणि दुपारपर्यंत गुंगीत पडून राहिली. आम्ही घाबरलो. डॉक्टर म्हणाले, "डब्या वेगळ्या करा आणि वर लिहून ठेवा." पण श्रोतेहो, जिला वाचताच येत नाही, तिच्यासाठी लिहायचे तरी काय?

मग आठवली आपली पहिली सार्वत्रिक निवडणूक, १९५१-५२ची. बहुसंख्य मतदारांना तेव्हा वाचता येत नव्हते. म्हणून प्रत्येक उमेदवाराची मतपेटी वेगळी आणि तिच्यावर त्याचे चिन्ह चिकटवलेले. चित्र बघायचे, मत टाकायचे. देशाला जमले ते तीन डब्यांना का जमू नये?

एरवी मी संगणकावर सोसायटीची पत्रे तेवढी टाइप करतो. पण त्याच वर्ड प्रोसेसरमध्ये लेबले होतात. स्टेशनरीच्या दुकानात ए-फोर आकाराचे चिकट लेबलांचे कागद मिळतात. मी २४ लेबलांचा घेतला. तीन रकाने, आठ ओळी, एकेक लेबल साधारण ६४ बाय ३४ मिलिमीटर. वर्डमध्ये 'मेलिंग्ज'मध्ये 'लेबल्स' आहे. तिथे पाकिटावरचा क्रमांक निवडून 'न्यू डॉक्युमेंट' म्हटले की पानभर चौकटी तयार. मोफत मिळणाऱ्या लिब्रेऑफिसमध्येही 'फाइल', 'न्यू', 'लेबल्स' अशी सोय आहे. चौकटीत कर्सर ठेवायचा आणि 'इन्सर्ट'मधून चित्र आणायचे.

इथे माझी फजिती झाली. मी चौकटी स्वतःच आखल्या होत्या. चित्र मोठे, त्यामुळे ओळ फुगली आणि खालची सगळी लेबले सरकली. उपाय सोपा आहे. ओळीची उंची 'एक्झॅक्टली' ठरवून टाकायची आणि चित्र त्याहून थोडे लहान करायचे. छापताना 'फिट टू पेज' नको, शंभर टक्केच ठेवायचे. आणि पहिली प्रत साध्या कागदावर काढायची. ती लेबलांच्या कागदावर ठेवून उजेडाकडे धरली की चुकलेले लगेच दिसते.

या साध्या कागदाने मला वाचवले, ते मात्र वेगळ्याच कारणाने. सकाळसाठी सूर्य, दुपारसाठी जेवणाचे ताट आणि रात्रीसाठी चंद्रकोर अशी माझी चित्रे. आईला दाखवली. सूर्य ओळखला, ताट ओळखले. चंद्रकोरीवर बोट ठेवून म्हणाली, "ही करंजी. म्हणजे फराळाबरोबर घ्यायची ना?"

मी गप्पच झालो. मापे अचूक, छपाई स्वच्छ, आणि गोळी पुन्हा सकाळीच पोटात गेली असती. मग तिच्याच खाटेचा मोबाइलवर फोटो काढला, उशी-पांघरुणासकट, आणि तो चंद्राच्या जागी बसवला. "हे माझे अंथरूण," ती म्हणाली, "म्हणजे निजताना."

तीन रकान्यांत तीन चित्रे, आठही ओळींत तीच. म्हणजे एका कागदात आठ जोड. एक लेबल मळले, फाटले की दुसरे तयार. इंकजेटची शाई ओल्या हाताने पसरते, म्हणून छपाई लेसरवर करून घेतली. लेबल डबीवरच लावले, गोळ्यांच्या पाकिटावर नाही. तिथले औषधाचे नाव आणि मुदतीची तारीख झाकता कामा नये. डबी भरण्याचे काम आजही आम्हीच करतो.

तेव्हा श्रोतेहो, घरात कोणासाठी असे लेबल करणार असाल, तर छापण्याआधी त्यांनाच विचारा, "हे काय आहे?" आणि उत्तर आपण सुचवू नका.