आधी आईकडे बघ
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला ‘आयटीतलं काहीतरी सांग’ असं सांगितलं होतं. एआयमुळे नोकऱ्या जाणार का, हा प्रश्न सकाळपासून चार जणांनी विचारला आहे. त्याचं उत्तर जेवताना देते. आत्ता मी श्वासाबद्दल बोलणार आहे, आणि माझ्या हातून झालेल्या एका चुकीबद्दल.

नववीत विज्ञानाच्या बाईंनी काचेच्या हंडीत दोन फुगे बसवून आणि खालचा रबरी पडदा ओढून फुप्फुसं कशी फुगतात ते दाखवलं होतं. बाई, आज तुम्ही समोर आहात म्हणून सांगते, त्या प्रयोगाची आकृती मला परीक्षेत पूर्ण मार्क देऊन गेली. त्या आकृतीचा अर्थ मात्र मला फार उशिरा कळला.

माझ्या आईला सीओपीडी होता. तिने आयुष्यात कधी विडी-सिगारेटला हात लावला नाही. पण लग्न झाल्यापासून गॅस येईपर्यंत, म्हणजे वीस-पंचवीस वर्षं, ती चुलीपुढे बसली. गोवऱ्या, तुराट्या, पावसाळ्यात ओली लाकडं आणि हातात फुंकणी. तुमच्यापैकी अनेकांच्या आयांचं असंच झालं असेल. या आजारात फुप्फुसातल्या नळ्या आवळल्या जातात, हवेच्या पिशव्या सैल पडतात. हवा आत जाते, पण पूर्ण बाहेर येत नाही. कार्बन डायऑक्साइड आतच साठत राहतो.

दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात, थंडीत, तिला जास्त दम लागला आणि इस्पितळात दाखल करावं लागलं. नाकात नळी, मिनिटाला एक लिटर ऑक्सिजन. समोर मॉनिटर. त्यावर आकडा ८९. मी वीस वर्षं मॉनिटरसमोर काम करते. आमच्याकडे सर्व्हरचा आलेख खाली गेला की लाल दिवा लागतो, आणि तो हिरवा होईपर्यंत आम्ही जागचे उठत नाही. निरोगी माणसाचं ऑक्सिजनचं प्रमाण ९५ च्या वर असतं, हे कोविडच्या काळात घरोघरी पाठ झालं होतं. मग ८९ कसं चालेल?

पहाटे तीनच्या सुमारास सिस्टर पलीकडच्या रुग्णाजवळ होत्या. मी उठले आणि भिंतीवरच्या फ्लोमीटरची चकती फिरवली. एकाचे पाच लिटर केले. थोड्या वेळात आकडा ९७ झाला. आईची धडपड थांबली, तिला झोप लागली. मला वाटलं, एवढं साधं काम कोणी का केलं नाही?

सिस्टर फेरीला आल्या. त्यांनी मॉनिटरकडे पाहिलंच नाही, आधी आईकडे पाहिलं. खांद्याला हलवून म्हणाल्या, ‘‘आजी, डोळे उघडा. माझा हात दाबा बघू.’’ आईने डोळे अर्धवट उघडले आणि पुन्हा मिटले. सिस्टरनी तिच्या मनगटावर बोटं ठेवली, पण नजर छातीवर होती. पूर्ण एक मिनिट श्वास मोजले. मग त्यांचं लक्ष फ्लोमीटरकडे गेलं. ऑक्सिजन एकदम बंद न करता, आकड्यावर लक्ष ठेवत त्यांनी तो हळूहळू कमी केला आणि डॉक्टरांना बोलावलं. मला विचारलं, ‘‘ताई, हा कोणी वाढवला?’’

मी गप्प बसले.

बाहेर येऊन जिन्यात बसले. फोन उघडला तर आपल्या बॅचच्या ग्रुपवर एकच नाव ऑनलाइन दिसलं. तिने नाव घेऊ नकोस म्हणून बजावलं आहे. पण ती इथेच बसली आहे आणि आत्ता मान खाली घालून हसते आहे. बारावीनंतर तिने नर्सिंगला प्रवेश घेतला तेव्हा मी तिला म्हटलं होतं, ‘‘अगं, एवढे चांगले मार्क आणि नर्सिंग?’’ त्यानंतर आमचं बोलणं जवळजवळ नव्हतंच. त्या रात्री ती रात्रपाळीवर होती. दुसऱ्या रिंगला तिने फोन घेतला.

मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, ‘‘तू आकडा बरा केलास, आई नाही. सीओपीडीमध्ये असा कार्बन डायऑक्साइड साठणाऱ्या रुग्णाला आम्ही ८८ ते ९२ मध्येच ठेवतो. ऑक्सिजन जास्त दिला की फुप्फुसातल्या रक्तपुरवठ्याची घडी विस्कटते, कार्बन डायऑक्साइड आणखी चढतो आणि माणूस गुंगीत जातो. तुला झोप वाटली, ती गुंगी असणार. बोटावरचं यंत्र कार्बन डायऑक्साइड दाखवत नाही.’’ मग म्हणाली, ‘‘आता आत जा आणि सिस्टरना सांग. किती वाजता वाढवलास, किती केलास, किती वेळ होता, सगळं. त्यांना उपचारासाठी ते लागतं. आणि यापुढे आधी आईकडे बघ.’’

मी आत जाऊन सांगितलं. सिस्टर रागावल्या नाहीत. वेळ आणि लिटर कागदावर लिहून घेतलं, डॉक्टरांना वाचून दाखवलं आणि म्हणाल्या, ‘‘सांगितलंत ते बरं केलंत.’’ धमनीतलं रक्त तपासलं. कार्बन डायऑक्साइड वाढला होता. आईला बायपॅप लावला. तो घट्ट मास्क पाहून आई घाबरली, तेव्हा सिस्टरनी पट्टे न बांधता तो आधी नुसता हाताने धरला. ‘‘आजी, यंत्र वारा देतंय, त्याच्याबरोबर श्वास घ्या,’’ असं दहा मिनिटं सांगत राहिल्या. दुपारपर्यंत आईने मला नावाने हाक मारली.

पुढचे पाच दिवस मी फक्त सिस्टरांचं काम पाहत होते. रुग्णाला उशांच्या आधाराने बसतं ठेवायचं, किंवा पुढच्या टेबलावर उशी ठेवून तिच्यावर हात टेकवायला द्यायचे, म्हणजे छातीला फुगायला जागा मिळते. मास्कखाली नाकाच्या हाडावर आणि नळीखाली कानामागे कातडी लाल होते का, ते पाहायचं. तोंड कोरडं पडतं, ते ओलं करत राहायचं. वाफाऱ्यानंतर चूळ भरायला लावायची. जेवण थोडं थोडं, पण जास्त वेळा द्यायचं, कारण भरलेलं पोट श्वासाला आड येतं. प्रश्न असा विचारायचा की उत्तर हो-नाहीत देता येईल. आणि श्वास मोजायचे ते नाडी पाहण्याच्या निमित्ताने, कारण कोणी आपला श्वास मोजतंय हे कळलं की माणूस वेगळा श्वास घेतो.

व्हर्जिनिया हेंडरसन नावाच्या अमेरिकन परिचारिकेने माणसाच्या चौदा मूलभूत गरजांची यादी केली आहे. त्यात पहिली गरज नीट श्वास घेता येणं, ही आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या १८५९ च्या परिचर्येवरच्या पुस्तकातही पहिला विषय रुग्णाच्या खोलीतल्या हवेचा आहे. मी इंजिनिअर, म्हणून पल्स ऑक्सिमीटरचाही शोध घेतला. त्याचं तत्त्व १९७० च्या दशकात जपानमध्ये ताकुओ आओयागी यांनी मांडलं. तेही इंजिनिअरच. एक लाल आणि एक अदृश्य अवरक्त प्रकाश बोटातून पाठवायचा आणि रक्त त्यातला किती शोषतं ते मोजायचं. सुंदर कल्पना आहे. पण बोट गार असेल, हलत असेल, नखांना गडद रंग असेल, तर आकडा चुकतो. आकडा बरोबर की चूक हे ठरवायला शेजारी माणूस लागतोच.

आई घरी आली ती ऑक्सिजनच्या यंत्रासकट. त्यानंतर आमच्या या मैत्रिणीने फोनवरून मला शिकवलं. देवघरातला दिवा आणि उदबत्ती त्या खोलीतून बाहेर काढ, ऑक्सिजनजवळ जाळ नको. लाइट गेली तर म्हणून भरलेलं सिलिंडर ठेव. नाक कोरडं पडलं तर व्हॅसलीन लावू नकोस, पाण्यात विरघळणारं जेल आण. दम लागला की नाकाने दोन अंक मोजत श्वास घ्यायचा आणि ओठांचा चंबू करून चार अंक मोजत सोडायचा. हे आईला लगेच जमलं. म्हणाली, ‘‘हे तर फुंकणीसारखंच की!’’ आणि शेवटच्या महिन्यांत, औषधांनीही दम पुरता हटेना तेव्हा, मैत्रीण म्हणाली, ‘‘हातपंख्याने गालावर, नाकाजवळ वारा घाल. खरंच बरं वाटतं.’’ वाटायचं. मी तासन् तास घालत बसायचे.

आई चौदा महिने घरी राहिली. तिने नातीची दहावी पाहिली. मागच्या वर्षी ती गेली. शेवटच्या दोन दिवसांत आमची ही मैत्रीण रजा टाकून आली होती. तिने आईला कुशीवर कसं घ्यायचं ते मला दाखवलं, आणि मॉनिटर मागवूया का, असं मी विचारलं तेव्हा मान हलवून नाही म्हणाली.

मित्रांनो, आपण सगळे आता अशा वयात आहोत की घरात कोणाचे तरी आईवडील थकलेले आहेत. म्हणून दोन गोष्टी सांगते. आज घरी गेल्यावर त्यांचे श्वास एक मिनिट मोजा, त्यांना न सांगता, ते शांत बसलेले असताना. बारा ते वीस हा सर्वसाधारण आकडा. त्यांचा नेहमीचा आकडा तुम्हाला माहीत असू द्या. एका दमात वाक्य पुरं होत नसेल, गळ्याचे स्नायू ओढले जात असतील, ओठ निळसर दिसत असतील, किंवा दम लागलेला माणूस अचानक फार शांत आणि गुंगीत वाटत असेल, तर थांबू नका, दवाखाना गाठा. आणि ऑक्सिजनच्या चकतीला स्वतःच्या मनाने हात लावू नका.

दुसरी गोष्ट आपल्या शिक्षकांसाठी. सर, बाई, निकालाच्या दिवशी फळ्यावर डॉक्टर-इंजिनिअर झालेल्यांची नावं लिहितात. आपल्या बॅचमधून तीन मुली नर्स झाल्या. त्यांची नावंही तिथे असावीत, एवढीच विनंती.

आणि तुला, जिचं नाव घ्यायचं नाही. ‘‘एवढे चांगले मार्क आणि नर्सिंग?’’ हे वाक्य मी आज सगळ्यांसमोर मागे घेते.