‘भाई, आमची ब्रँच बंद होतेय’

नांदेडला अब्बांचं लेथचं दुकान होतं, म्हणून मी मेकॅनिकल घेतलं. आज पोटासाठी कोड लिहितो.

परवा लातूरच्या एका मुलाचा फोन आला. ‘भाई, आमची ब्रँच बंद होतेय. डिग्रीचं काय?’ डिग्री वैधच राहते. ‘प्रोग्रेसिव्ह क्लोजर’मध्ये फक्त पहिल्या वर्षाचे प्रवेश थांबतात, आत आहेत ते शिकून बाहेर पडतात. पण मागून ज्युनिअर येत नाहीत, मग शिक्षक दुसरीकडे नोकरी शोधतात आणि वर्कशॉपकडे कुणी बघत नाही. बॅकलॉग असेल तर आत्ताच काढा. डिप्लोमावाल्यांनो, थेट दुसऱ्या वर्षाला जाण्याआधी विचारा, की खाली पहिलं वर्ष भरतंय का?

२०२४-२५ पासून एआयसीटीईने एका शाखेच्या जागांवरची कमाल मर्यादा उठवली आणि कॉलेजं कम्प्युटरच्या जागा वाढवू लागली. (आमच्यासारख्यांचे पगार ऐकून, दुसरं काय!) इकडे लातूरच्या रेल्वे कोच कारखान्यातून पहिल्या डब्याचा सांगाडा २५ डिसेंबर २०२० लाच बाहेर पडलाय. गॅरेजमध्ये हात काळे करून शिकलेली आपली पोरं तिथे इंजिनिअर म्हणून जायला हवीत. त्यासाठीची डिग्री जिल्ह्यात मिळाली नाही, तर पुण्याच्या खोलीचं भाडं कोणता गॅरेजवाला बाप भरणार?