कपडा नव्हे, माणसाचं नेसणं



फॅशनचे फोटो काढायचे तर पुण्या-मुंबईला जावं लागतं, असं इथल्या कॉलेजच्या मुलामुलींना वाटतं. मला ते अजिबात मान्य नाही. गळीत हंगामात सकाळी कारखान्याच्या रस्त्यावर उभे राहा आणि ऊसतोडीला निघालेल्या बायका नीट बघा. साडीवर पूर्ण बाह्यांचा पुरुषी शर्ट, डोक्याला घट्ट बांधलेला रुमाल. उसाच्या पानानं हात चिरतात, म्हणून शर्ट हवाच. पण पदर शर्टाच्या आत खोचायचा की वरून घ्यायचा, बाही कुठवर दुमडायची, हिरव्या साडीवर कुठल्या चौकड्याचा शर्ट चालतो, हे जिचं तिनं ठरवलेलं असतं. गरज सगळ्यांची एक, तरी दोघी सारख्या दिसत नाहीत. त्या फरकालाच मी स्टाईल म्हणतो, आणि फोटो त्याचाच काढायचा.

न्यूयॉर्कमध्ये बिल कनिंगहॅम नावाचे छायाचित्रकार होते. २०१६ मध्ये गेले. सायकलवरून फिरत ते रस्त्यावरच्या माणसांचे कपडे टिपायचे आणि ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये ते छापून यायचे. स्वतःच्या अंगात मात्र फ्रान्समधल्या कामगारांचा साधा निळा कोट. त्यांची नजर जरूर घ्या. न विचारता टिपण्याची पद्धत घेऊ नका. त्या शहरात गर्दीत माणूस हरवून जातो. इथे प्रत्येक फोटोतली मुलगी कुणाच्या तरी ओळखीची असते. फोटो कुठे लागणार, कोण बघणार, हे आधी सांगा. ‘नको’ म्हणाली की मोबाईल खिशात. अठराच्या आतली मुलगी असेल तर घरच्यांनाही विचारा.

आता कसबाची गोष्ट. छातीशी धरलेल्या मोबाईलमधून पाय आखूड दिसतात. कमरेइतका खाली धरा, चार पावलं मागे सरका. पांढरं धोतर-सदरा घातलेले आजोबा हे सगळ्यात अवघड. उन्हात मोबाईलच्या स्क्रीनवर त्यांच्या चेहऱ्याला बोट टेकवलंत तर धोतर नुसतं पांढरंफटक येतं, चुण्या दिसतच नाहीत. आणि सगळं धोतर-नेसणं त्या चुण्यांतच असतं. त्यांना लिंबाच्या सावलीत घ्या, उजेड जरासा कमी करा. इरकली लुगड्याचे काठही सावलीतच खुलतात. एक फोटो पूर्ण माणसाचा, दुसरा फक्त गाठीचा, निरीचा किंवा दुमडलेल्या बाहीचा. आणि ती वस्तू तो माणूस ज्या नावानं सांगेल, तेच नाव फोटोखाली लिहा.

या सगळ्याच्या सरावाला जागाही जवळच आहे. आषाढी वारीत तुकोबांची पालखी अकलूज, माळीनगर करत बोरगावकडे जाते, म्हणजे आपल्या दारावरूनच. छायाचित्रकार संदेश भंडारे यांनी वारीवर अख्खं पुस्तक केलं आहे. इथल्या ग्रंथालयानं ते मागवावं, ही माझी मनापासून विनंती. एकाच पांढऱ्या टोपीच्या किती तऱ्हा असतात, हे मुलांना वारीत बघायला मिळेल.

शेवटचं काम पैशाचं आहे, म्हणून मोठ्यांना सांगतो. ज्याचा फोटो काढला त्याच्या हातात छापील प्रत गेली पाहिजे. त्यासाठी मुलांना थोडी मदत करा. हंगाम संपून कारखान्याचा पट्टा पडला की टोळ्या आपापल्या गावी निघतात, म्हणून ऊसतोडीच्या बायकांच्या प्रती त्याआधीच छापून घ्या.